घरमालक वगळलेलं शहर: 'सिटीज: स्कायलाइन्स २' खेळून झाल्यावर

निकाल आधीच सांगते, घाई असलेल्यांनी इथेच थांबावं. शहर वसवायचा खेळ म्हणून 'सिटीज: स्कायलाइन्स २' जरूर घ्या, रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. 'घरं एवढी महाग का' या प्रश्नाचं उत्तर शोधायला घेणार असाल, तर अर्धं उत्तर मिळेल. हे अर्धं फार चांगलं दिलंय. उरलेलं अर्धं खेळात नाही, आणि त्यातला एक तुकडा तर आधी होता, तो काढून टाकल्याचं बनवणाऱ्यांनीच जाहीर केलं. माझा सगळा जीव त्यात अडकलाय.

माझी नोकरी एका महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात गेली. सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी ठेवायची जागा) सोडलंय का, जिना किती रुंद, बाल्कनी म्हणून दाखवलेली जागा खरंच बाल्कनी आहे की उद्या खोली होणार आहे, हे बघता बघता चष्म्याचा नंबर वाढला. निवृत्तीनंतर भाच्याने हा खेळ लावून दिला. "मावशी, आता तूच आयुक्त," म्हणाला. आयुक्त कसली! इथे नगररचनाकार, स्थायी समिती, भूसंपादन अधिकारी आणि वरचं कोर्ट, सगळं एकच माणूस असतं.

फिनलंडमधल्या टँपेरेच्या कोलोसल ऑर्डर या कंपनीने हा खेळ बनवला आणि पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हने तो २४ ऑक्टोबर २०२३ रोजी बाजारात आणला. पहिला भाग २०१५ चा. मराठी अर्थातच नाही, पण शब्द मोजके आहेत, अडत नाही. नकाशाचे ४४१ तुकडे, त्यातले ९ सुरुवातीला आपले. बाकीचे शहर वाढेल तसे घ्यायचे. रस्ता ओढला की त्याच्या दोन्ही बाजूंना चौकोन उमटतात. या चौकोनांत रंग भरायचा. बैठी सुटी घरं, एकमेकांना चिकटलेली ओळीतली घरं, मध्यम उंचीच्या इमारती, खाली दुकान वर बिऱ्हाड, कमी भाड्याची घरं आणि टॉवर, असे राहत्या घरांचे सहा प्रकार. रंग भरला आणि मागणी असली की क्रेन येते आणि घर उभं राहतं.

मागणी दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्या हा या खेळातला माझा आवडता भाग. नुसती 'घरांची मागणी' अशी एक मोघम पट्टी नाही. विरळ वस्तीची वेगळी, मध्यम दाटीची वेगळी, दाट वस्तीची वेगळी. शहरात कॉलेज आलं की कोणती पट्टी चढते, कारखाने वाढले की कोणती, हे डोळ्यांसमोर दिसतं. आमच्या विभागात असली पट्टी कुणाच्या टेबलावर नव्हती. वीस वर्षांचा विकास आराखडा करताना लोकसंख्येचा अंदाज एकदा बांधायचा आणि पुढची वीस वर्षं त्याच अंदाजाशी इमान राखायचं. तोवर ज्यांच्यासाठी आराखडा केला ती मुलं लग्नाची झालेली असायची.

आता त्या अर्ध्या उत्तराकडे येते. माझ्या पहिल्या धड शहरात नदीकाठी एक गल्ली होती, दोन्ही बाजूंना बैठी घरं. मला ती फार आवडायची. म्हणून गल्लीच्या टोकाला प्राथमिक शाळा दिली, मग बाग दिली, मग ट्राम नेली. जमिनीच्या किमतीचा नकाशा उघडला की गल्लीचा रंग गडद होत गेलेला दिसायचा, आणि मी खूश. थोड्या वेळाने कोपऱ्यावरच्या घरावर खूण आली: भाडं परवडत नाही. मग शेजारच्या घरावर. मग रांगच लागली. मी त्या कोपऱ्यावरच्या कुटुंबावर बोट ठेवून बघितलं. नवरा-बायको नोकरीवर, मूल शाळेत, कुणाचं काही बिघडलेलं नाही. बिघडलं होतं एवढंच की त्यांच्या पायाखालची जागा आता शहरातली चांगली जागा झाली होती, आणि तेवढ्या मोठ्या जागेचा सगळा भार एकट्या कुटुंबावर होता.

हिशेब अगदी साधा आहे. खेळात भाडं ठरताना जमिनीची किंमत, प्लॉटचा आकार आणि इमारतीचा दर्जा धरतात, आणि ते इमारतीतल्या बिऱ्हाडांत विभागलं जातं. बैठ्या घरात बिऱ्हाड एक. त्याच जागेवर चाळीस बिऱ्हाडांची इमारत असेल तर जमीन चाळिसांत वाटली जाते. मी ती बाजू खोडून ओळीतली घरं रंगवली, मागच्या बाजूला मध्यम उंचीच्या इमारती, आणि खुणा गेल्या. शाळा तीच, बाग तीच, ट्रामही तीच.

चांगल्या जागी दाटी होऊ दिली नाही तर ती जागा फक्त पैसेवाल्यांची होते, हे भाषणात ऐकून कुणाला पटत नाही. इथे दहा मिनिटांत पटतं. माझ्या भाच्याला पटलं, आणि तो एरवी 'टॉवर आले की भाव वाढतात' म्हणणाऱ्यांपैकी. या अर्ध्या भागाला मी दहापैकी नऊ देईन.

खेळ बाजारात आला तेव्हा मात्र या खुणांनी खेळणाऱ्यांना वैताग आणला होता. शहरभर भाड्याची रड, घरं ओस पडतायत, काय करावं कळत नाही. (दुसरी रड अशी की खेळ संगणकाला झेपत नव्हता. शोध घेणाऱ्यांना आढळलं की रस्त्यावरून चालणाऱ्या इवल्याशा माणसांच्या तोंडातले दातसुद्धा सुटे सुटे रेखाटलेले होते.) मग जून २०२४ मध्ये अर्थव्यवस्था नव्याने बांधणारी मोठी सुधारणा आली. तिच्यात सांगितलं गेलं की हिशेबातला आभासी घरमालक आम्ही काढून टाकला आहे. यापुढे इमारतीच्या देखभालीचा खर्च सगळे भाडेकरू सारखा वाटून घेतील. भाडं मोजायची रीत बदलली. खिशात पैसे कमी असले तरी रहिवासी लगेच तक्रार करणार नाहीत, आधी खर्चाला कात्री लावतील. उत्पन्नच पुरत नसेल तेव्हा कुठे स्वस्त घर शोधतील किंवा शहर सोडतील.

बातमी वाचून मी मोठ्यांदा हसले. भाडेकरूला दातांसकट चेहरा होता, घरमालकाला तोंडही नव्हतं, आणि तरी शहर बरं करायला काढला कोणाला तर त्यालाच.

खेळ म्हणून तो निर्णय योग्य होता, आता शहर सुरळीत चालतं. पण घरांच्या वादातली खरी गाठ इथेच आहे. या खेळात सगळेच भाडेकरू आहेत. कुणीही घर विकत घेत नाही. कर्ज काढून घेतलेल्या घराची किंमत वाढावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं एकही कुटुंब या शहरात नाही. म्हणून इथे जागेचे भाव चढले की सगळ्यांचंच नुकसान होतं आणि उतरले की सगळ्यांचाच फायदा. खऱ्या शहरात भाव पडले की नव्याने घर घेणारा पेढे वाटेल, पण ज्याची जन्माची पुंजी चार भिंतींत आहे तो रस्त्यावर उतरेल. आणि नगरसेवकाला मतं दोघांचीही लागतात.

माझ्या नोकरीत हरकती-सूचनांच्या सुनावण्या असत. एका सुनावणीत एक गृहस्थ आले होते, समोरच्या प्लॉटवर सात मजले होणार म्हणून हरकत घ्यायला. हवा अडते, उजेड अडतो, गल्लीत गाड्या वाढतील. मुद्दे नीट लिहून आणले होते, अक्षर सुंदर. पत्ता बघितला तर स्वतः सातव्या मजल्यावर राहत होते. आमचे साहेब काही बोलले नाहीत, फक्त पत्त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. पण त्याच सुनावणीत एक बाई होत्या, त्यांची हरकत एका वाक्याची: 'आत्ताच तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, वर कसं चढेल?' या हरकतीला आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण पाइप खरोखरच जुना आणि बारीक होता. विरोध करणाऱ्या प्रत्येकाला स्वार्थी म्हणून मोकळं होणाऱ्यांनी या बाईंना भेटायला हवं होतं.

खेळात दोघेही नाहीत. रस्ता टाकला की त्याच्याखालून पाणी आणि सांडपाणी आपोआप जातं. पाइपाचा व्यास कुणी विचारत नाही. बुलडोझरचं बटण दाबलं की घर गेलं. नोटीस नाही, भरपाई नाही, तात्पुरत्या निवाऱ्यात अडकून पडलेली कुटुंबं नाहीत. चिर्पर नावाचा पक्षी लोकांच्या कुरबुरी आणून दाखवतो, पण तो बंद केला तरी चालतं. तशी सोय आम्हाला असती तर!

आणि बांधणारा? तोही नाही. रंग भरला, मागणी असली की घर उभं राहिलंच. खरी मंजूर फाइल कपाटात वर्षानुवर्षं पडून राहू शकते. दर चढत असतील तर मालक म्हणतो अजून थांबू, दर पडत असतील तर बिल्डर म्हणतो आता परवडत नाही. नियम सैल करणं आणि घर बांधून होणं यांच्यामधलं हे अंतर ज्यांना दिसत नाही, ते 'परवानग्या द्या, घरं स्वस्त होतील' एवढ्यावर थांबतात.

त्यांचं म्हणणं फोल आहे असं मात्र मी म्हणणार नाही. न्यूझीलंडच्या ऑकलंडने २०१६ च्या आराखड्यात राहत्या जमिनीपैकी जवळपास तीन चतुर्थांश भागावर जास्त दाटीला परवानगी दिली, आणि पुढच्या वर्षांत बांधकाम परवानग्या भराभर वाढल्या. भाड्यावर परिणाम किती झाला यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतायत, पण घरं बांधली गेली. हे सोपं नसतं, फायलींत जन्म गेलेल्या बाईचं ऐका.

दुसरा वाद असतो महागड्या नव्या घरांचा: ती श्रीमंतांसाठी, गरिबाला काय उपयोग? खेळात एखाद्या कुटुंबाचा पाठलाग करता येतो, म्हणून मी टॉवर बांधून त्यात कोण येतं ते बघत बसले. येणारे बरेचसे शहरातल्याच जरा बऱ्या घरांतून आले. त्यांच्या रिकाम्या घरांत आणखी कुणी, त्यांच्या घरांत तिसरं कुणी. करमणूक म्हणून बघत होते, पण नेमकी हीच साखळी फिनलंडमध्ये खऱ्या नोंदींवरून मोजलेली आहे. हेलसिंकीच्या मध्यभागी बाजारभावाने विकल्या-भाड्याने दिलेल्या नव्या घरांमुळे कोण कुठून कुठे हललं, याचा माग अर्थशास्त्रज्ञांनी काढला. २०२३ मध्ये तो छापून आला. अशा दर शंभर नव्या घरांमागे, उत्पन्नाने खालच्या अर्ध्यात मोडणाऱ्या वस्त्यांत पन्नासाहून जास्त घरं मोकळी होतात असं त्यांना दिसलं. तेही दोनेक वर्षांत. अट एवढीच की नव्या घरात माणसं राहायला यायला हवीत. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेल्या घरापाशी ही साखळी तुटते, आणि खेळात कुलूप लावून ठेवणारं कुणी नाही.

एक गोष्ट मला टोचली. परवडणारं घर न मिळालेली खेळातली कुटुंबं बागेत जाऊन राहतात. त्यांच्यासाठी मला करता येतं काय, तर आणखी रंग भरून वाट बघणं. पालिकेने स्वतः घरं बांधून स्वतः भाडं ठरवायचं, अशी सोयच नाही. म्हणजे या खेळात व्हिएन्ना वसवता येत नाही, जिथे शहराच्याच मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार घरं आहेत आणि निम्मं शहर पालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या संस्थांच्या घरांत राहतं. सिंगापूरही वसवता येत नाही. तिथे १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन झालं आणि आज पाचातले जवळपास चार रहिवासी मंडळाच्या घरांत आहेत, तीही ९९ वर्षांच्या पट्ट्याने. आणि ज्या फिनलंडमध्ये हा खेळ बनला त्या देशाने २००८ पासून 'आधी घर, मग बाकीचं' या धोरणाने बेघरांची संख्या खाली आणून दाखवली. स्वतःच्या देशाचा हा पराक्रम खेळात का घातला नसेल?

भाडेनियंत्रणाचं बटणही नाही. याची मला फारशी हळहळ नाही. बर्लिनने २०२० मध्ये भाडी गोठवून बघितली. राहत्या भाडेकरूंना दिलासा मिळाला, पण नव्याने घर शोधणाऱ्यांना जाहिराती दिसेनाशा झाल्या, आणि एप्रिल २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने राज्याला तो अधिकारच नाही म्हणून कायदा रद्द केला. तरीही बटण असतं तर भाच्यासारख्यांनी ते दाबून बघितलं असतं आणि काय होतं ते कळलं असतं.

खरी उणीव मला करांच्या पानावर वाटते. रहिवाशांवर त्यांच्या शिक्षणाप्रमाणे कर लावता येतो, दुकानांवर, कारखान्यांवर, कचेऱ्यांवर लावता येतो. जमिनीच्या किमतीवर वेगळा कर नाही. ट्राम मी नेली, शाळा मी दिली, त्यामुळे जागेची किंमत वाढली, आणि ती वाढ पालिकेकडे परत आणायचा मार्ग मला नाही. अमेरिकन अर्थचिंतक हेन्री जॉर्ज १८७९ मध्ये हेच सांगत होता की समाजाने वाढवलेली जमिनीची किंमत कर रूपाने समाजाकडे यावी. त्याच्या विचारावर लिझी मॅगी या बाईंनी पटावरचा खेळ बनवून १९०४ मध्ये पेटंट घेतलं. तिथे घरमालकच मुख्य पात्र होता. त्याच खेळातून पुढे मोनोपॉली आली, आणि लोकांनी त्यातून धडा कोणता घेतला तर घरमालक व्हायचं.

खेळाच्या हिशेबात कुणाचं तरी मत दडलेलं असतंच. शहर वसवण्याच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९८९ चा सिमसिटी. तो बनवणाऱ्या विल राइटने एमआयटीतल्या जे फॉरेस्टर यांच्या १९६९ च्या शहराच्या गणिती नमुन्यातून बरंच घेतलं होतं. तो नमुना सांगायचा की गरिबांसाठी घरं बांधली तर शहराचं नुकसानच होतं, कारण रोजगाराची जागा घरं खातात. आकड्यांतून आलं म्हणून ते निसर्गनियम ठरत नाही. आकडे कुठून सुरू करायचे ते माणसानेच ठरवलेलं असतं. पुढच्या एका सिमसिटीच्या वेळी तर गाड्यांचे तळ खऱ्या शहराइतके दाखवले तर खेळ कंटाळवाणा होईल, म्हणून ते कमी केले, असं त्याच्या रचनाकाराने सांगितलं होतं. स्कायलाइन्सच्या या भागात गाड्या जागा शोधत फिरतात, निदान तेवढं बरं. आमच्या विभागात एकेका इमारतीचं घोडं फक्त पार्किंगवर अडायचं.

बाकी किरकोळ. चित्रं सुंदर आहेत, पाऊस आणि बर्फ बघत बसावं असं. शहर मोठं झालं की घड्याळ रखडतं, ग्राफिक कार्ड चांगलं नसेल तर सुरूही करू नका. बर्फाळ हवेचा नकाशा आधी घेऊ नका, वीज पुरवता पुरवता दिवाळं निघतं. खेळातली शिकवणी ठीक आहे, पण करांचं पान ती घाईत उरकते.

एकंदर दहापैकी सात. कॉलेजातल्या मुलांना द्या, सोसायटीच्या सभेत 'आमच्याकडे आणखी घरं नकोत' म्हणणाऱ्यांना तर आवर्जून द्या, आणि त्यांना बैठ्या घरांच्या गल्लीपर्यंत ट्राम न्यायला सांगा. खेळताना पैशांची मर्यादा काढून टाकणारा पर्याय सुरुवातीला चालू करू नका, नाहीतर भाड्याच्या खुणांकडे लक्षच जात नाही. भाचा म्हणतो खेळणाऱ्यांनी बनवलेल्या जोडण्या (मॉड) मिळतात, त्यांनी खेळात हवे तसे बदल करता येतात. मी त्याला हरकती-सूचनांची जोडणी शोधायला सांगितलीय. अजून सापडलेली नाही.